घर वगळायचं नाही

धोंडूने कोयता उचलला आणि तो तसाच हातात राहिला. समोरच्या विहाराचं फाटक उघडून भन्ते बाहेर आले होते. अनवाणी, दोन्ही खांदे झाकून घेतलेलं चीवर, एका हातात विहारातली जुनी काळी छत्री, दुसरा हात चिवराच्या आत. त्या आतल्या हातात भिक्षापात्र आहे हे धोंडूच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

पाऊस बारीक होता. भन्ते चिखलातून सावकाश चालत आले आणि धोंडूच्याच घराच्या कुंपणातल्या बेड्यापाशी थांबले. नजर खाली. तोंडातून शब्द नाही.

"अगे बाय!" आतून तुळसाचा आवाज आला. ती पदराला हात पुसत चुलीकडे धावली, टोप घेऊन बाहेर आली, पायातली वहाण काढून ठेवून तिने पात्रात भात घातला, वर मुगाची आमटी घातली, आणि भिजल्या जमिनीवर गुडघे टेकून नमस्कार केला. आईने मुलाच्या पायाशी वाकावं हे धोंडूला आजवर एकदाही नीट बघवलेलं नव्हतं. त्याने पुन्हा माडाच्या चुडतावर कोयता घातला. घाव तिरका बसला.

वाडीसाठी ते भन्ते खेमानंद होते. तुळसाही आता त्यांना 'तुमी' म्हणायची. धोंडूच्या मनात मात्र तो आपला मुलगा जितेंद्रच होता. आई-बापांसोबत मुंबईत वाढलेला, पदवी घेतलेला, विमा कंपनीत चांगल्या खुर्चीवर बसलेला, आणि एक दिवस केस उतरवून सगळं सोडून गेलेला. यंदा वाडीच्या विहारात वर्षावासाला, पावसाळाभर मुक्कामाला, तो आला तेव्हा तुळसा आनंदाने रडली होती.  धोंडूने विहाराच्या कौलांवर प्लास्टिक घालून दिलं होतं, तेवढंच.

घरापुढून जितेंद्र पुढे गेला. पुढचं घर बंद होतं, मुंबईवाल्यांचं. तिथेही तो थांबला. कुलपापुढे उभा राहिला, आतून कोणीतरी येणार असल्यासारखा, आणि मग पुढच्या घरापाशी गेला. तेही बंद. सारिकाच्या दारात त्याला भाकरी मिळाली. मग पुन्हा कुलपं. वाडी संपली तरी तो माघारी वळला नाही. व्हाळावरच्या साकवावर, त्या अरुंद पुलावर, त्याचं चीवर दिसलं तेव्हा धोंडू उठून उभा राहिला.

"खंय चल्लो तो?"

"वरच्या वाडीत जातत वाटता," तुळसा म्हणाली. तिचाही आवाज खाली गेला होता.

आदल्या दिवसापर्यंत हे असं नव्हतं. उघडी घरं पाळीपाळीने विहारात जेवण पोचवत होती. भिक्खूला चूल पेटवता येत नाही, पैशाला हात लावता येत नाही, उद्यासाठी मूठभर काही ठेवता येत नाही, दुपार कलल्यावर अन्न घेता येत नाही. विहार झाडायचा, फाटलं चीवर शिवायचं, कोणी आजारी पडलं तर जाऊन बसायचं, मुलांना शिकवायचं, ही कामं जितेंद्र पहाटेपासून करत असे. पण पोटात जे पडायचं ते दुसऱ्याच्या हातून. उघडी घरं बोटावर मोजण्याएवढी असल्यामुळे पाळी भराभर यायची. ही रीत मोडून तो आज असा का निघाला, ते धोंडूला कळेना.

तो वरून परत आला तेव्हा धोंडू बेड्यातच होता. बापाकडे न बघता जितेंद्र विहारात गेला. थोड्या वेळाने सारिका आली, कामावर जाता जाता अर्ध्या वाटेतून माघारी. काजूच्या कारखान्यात ती कामाला होती, आणि वाट वरच्या वाडीतूनच होती, म्हणून सगळं तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"गावकरांच्या सुनेन घातल्यान भात," ती म्हणाली. मग थांबली. "वरसूनच सोडल्यान. पायरेवर उभी ऱ्हवान. भन्ते खाली खळ्यात, पावसात."

"आणि तो?"

"ते काय बोलतले? मान खाली घालून फुडल्या घराक गेले."

धोंडूने कोयता भिंतीतल्या खोबणीत अडकवला. हात धुतले. आणि दुपारी, जितेंद्रचं जेवण आटोपलं असेल असा अंदाज घेऊन, तो विहारात गेला.

जितेंद्र पात्र धुऊन पुसत होता. धोंडू दारातच उभा राहिला. वाकला नाही, बसलाही नाही.

"तू थंय जाव नको."

जितेंद्रने पात्र पालथं ठेवलं. "बाबा, माझ्या जेवणाच्या पाळीसाठी सारिकाताई परवा कामावर गेल्या नाहीत. मला ते आज सकाळी कळलं. घरं चार, आणि मी रोज खाणार. भिक्खूने घरोघर फिरायचं ते याचसाठी असतं. कोणा एकावर भार पडू नये म्हणून."

"मगे आपल्याच वाडीत फिर."

"घर वगळायचं नाही, असा नियम आहे. हे आपलं, ते परकं, असं करता येत नाही. वाटेवर जे येईल त्याच्यापुढे उभं राहायचं."

"मागूक."

"मागायचं नाही. तोंडाने काहीच बोलायचं नाही. नुसतं उभं राहायचं. दिलं तर घ्यायचं, नाही दिलं तर पुढे जायचं."

"आमी पण उभेच ऱ्हवत होतो," धोंडू म्हणाला. "माझ्या आयेन कधी तोंडान मागूक नाय."

जितेंद्रचा हात पात्राच्या काठावर थांबला.

धोंडू तेव्हा लहान होता, आणि बौद्धवाडीला तेव्हा महारवाडा म्हणत. वरच्या वाडीतल्या गावकरांकडे लग्न असो की देवाचं कार्य, शेवटची पंगत उठेपर्यंत आई त्याला घेऊन घराभोवतीच्या दगडी गडग्याबाहेर उभी राहायची. मग आतून हाक यायची. आई खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, कडेला टोपली ठेवून मागे सरायची आणि पायरीवरून भात पडायचा. पानांवरचा, कालवलेला, कोणाकोणाच्या हातचा उरलेला. काही टोपलीत, काही बाहेर. बाहेरचा धोंडूने वेचायचा. आईला वाकलेलं बघायला नको म्हणून तो घाई करायचा.

धर्मांतराच्या वर्षी धोंडूचा बाप कसालहून सभा ऐकून आला आणि ती टोपली त्याने चुलीत घातली. म्हणाला, ह्या घरातला माणूस परत त्या खळ्यात मागायला उभा राहणार नाही. त्या पावसाळ्यात वरच्या वाडीने कामालाही बोलावलं नाही. रानातले करांद्याचे कंद उकडून आणि टायकळ्याचा पाला शिजवून घर जगलं. सगळं घर जगलं नाही. धोंडूच्या पाठची शेवंता त्याच पावसात गेली. लोक ताप म्हणाले. ताप होताच.

हे जितेंद्रला ठाऊक होतं. लहानपणी त्याने ते कितीदा तरी ऐकलं होतं.

"तुका नोकरी होती," धोंडू म्हणाला. "ती सोडलंस आणि वाटी हातात घेतलंस. माझ्या आयेकडे सोडूक काय होता?"

"मला ते कळतं, बाबा."

"कळणा नाय. तुका ऐकान ठावक आसा."

 बाहेर पागोळ्या गळत होत्या. धोंडूला वाटलं, आता जितेंद्र काहीतरी मोठं सांगेल, ग्रंथातलं, आणि मग आपण उठून जाऊ. पण तो नुसता बसून राहिला, आणि त्याच्या बसण्यातच काहीतरी असं होतं की धोंडूला जाता येईना.

"सगळे दिवस मीच घालतंय," शेवटी धोंडू म्हणाला. "सारिकाक नको, कोणाक नको."

"घाला. पण त्यानंतर मी पुढे जाईन."

"आणि वाटयेत जागाच नसली तर?"

जितेंद्रने वर बघितलं. खोटं बोलणं त्याला शक्य नव्हतं. "पात्र काठापर्यंत भरलं की परतायचं असतं," तो म्हणाला. "त्याच्यावर घ्यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तुळसाच्या आधी धोंडू उठला. मोठा टोप त्याने स्वतः चुलीवर चढवला. जितेंद्र बेड्यापाशी येऊन उभा राहिला तसा धोंडू डाव घेऊन पुढे झाला आणि भात घालत सुटला. एक डाव, दुसरा, तिसरा. डावाच्या पाठीने भात दाबून त्याने पुन्हा वर घातला. तुळसा वालीची भाजी घेऊन मागे उभी होती. भाजीला जागा उरली नाही. पात्राचा काठ आणि भात एक झाले तेव्हा धोंडूने हात थांबवला आणि मुलाकडे बघितलं.

जितेंद्र माघारी वळला. विहाराचं फाटक वाजलं.

त्यानंतर रोज तसंच झालं. वाडीत लोक म्हणू लागले की धोंडूचं मन वळलं, म्हातारा आता रोज पहाटे उठून दान करतो. धोंडू ते ऐकून घ्यायचा. चूल पेटवताना त्याला हलकं वाटायचं, आणि जितेंद्रची पाठ विहाराकडे वळलेली दिसेपर्यंत तो बेड्यातून हलायचा नाही. भात घालताना त्याचं लक्ष मुलाच्या तोंडाकडे नसे. ते काठाकडे असे.

तुळसाचं लक्ष मात्र तोंडाकडे होतं.

"गालाची हाडां वर इली," एका संध्याकाळी ती म्हणाली. ती ताटं घासत होती. घासता घासता थांबली. "रोज नुसतो भात. कोरडो. माजी भाजी परत घरात येता. सारिका आज सोलकढी घेवन उभी होती. तिका काय सांगलंव आपण? जागा नाय. गुमान गेली परत. भन्त्यांनी बघितल्यानी तिच्याकडे."

"पोटभर जेवता ना?"

"पोट भरता. तेका जेवाण म्हणत नाय." तिने राखेचा हात पाण्यात बुडवला. "तुमी तेका वाढणास नाय. तुमी वाट बंद करतास."

 लोट्यावर, पुढच्या ओसरीत, जाऊन धोंडू बराच वेळ अंधाराकडे तोंड करून बसला.

सकाळी पाऊस जोरात होता. तरी जितेंद्र वेळेवर आला, आज छत्रीविनाच. धोंडूने पहिला डाव घातला, दुसरा घातला. तिसरा उचलला तेव्हा पात्रावर हात आला. लांब बोटं, धोंडूच्या आईसारखी. पात्र अर्धंही भरलं नव्हतं.

"पुरे, बाबा."

"जागा आसा."

"दुसऱ्यांनाही घालायचं असतं," जितेंद्र म्हणाला. आवाज इतका हळू की पावसात तो धोंडूपुरताच राहिला. मग त्याने बाजूला होऊन तुळसाची भाजी घेतली, आणि तो निघाला. कुलपांपुढे थांबत, सारिकाकडून पात्रात कढी घेत, साकवाकडे.

धोंडूच्या हातातला डाव तसाच होता. त्यातला भात पावसाने भिजत होता. तुळसाने तो हातातून काढून घेतला.  तिने खुंटीवरची छत्री काढून त्याच्या हातात दिली.

साकव ओलांडायला त्याला वेळ लागला. व्हाळ लाल पाण्याने फुगला होता. पाणंदीतून वर चढताना धाप लागली तरी तो थांबला नाही. गावकरांच्या गडग्यापाशी पोचला तेव्हा जितेंद्र खळ्यात उभा होता. मागच्या वेळी उभा होता तिथेच असणार. घर बदललं होतं. चिऱ्याचं नवं बांधकाम, लोट्याला लोखंडी जाळी, खळ्यात सिमेंट. पायऱ्या मात्र तेवढ्याच होत्या आणि तशाच उंच.

गडग्यातली वाट उघडी होती. धोंडू तिच्या अलीकडे उभा राहिला. पाय आत गेला नाही.

लोट्यावर खुर्चीत गुरुदास गावकर बसला होता, धोंडूच्याच वयाचा. बाजारात भेटला की दोन शब्द बोलायचा, गुडघ्यांची चौकशी करायचा. त्याची सून नम्रता टोप घेऊन बाहेर आली, पायरीच्या टोकाशी थांबली आणि हात लांब करून ओणवी होऊ लागली. तेवढ्यात गुरुदासला गडग्यापलीकडची छत्री दिसली.

"कोण ता? धोंडू?" तो हसला. वाईट हसणं नव्हतं, जुन्या ओळखीतलं होतं. "काय रे, तुका पण होया काय?"

जितेंद्रने मान वर केली नाही. पण त्याची पाठ ताठ झाली, आणि धोंडूला ती पाठ दिसली. भिजलेली, हाडं वर आलेली, कोणासाठीही मागे न वळणारी. बोलायचं नाही हा त्याचा नियम होता. कोणी काही म्हटलं तरी त्याला बोलता येत नव्हतं.

धोंडू आत गेला. सिमेंटवर त्याचे चिखलाचे पाय उमटत गेले. तो मुलाच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने छत्री मिटली, का ते त्याला सांगता आलं नसतं.

"बाय," तो नम्रताला म्हणाला, "वरसून सोडू नको. खाली येवन घाल."

टोपातली वाफ पावसात वर जात होती. नम्रताने सासऱ्याकडे बघितलं.

"असां?" गुरुदास खुर्चीत पुढे सरकला. आता तो हसत नव्हता. "मागूक येवचा तुमी, आणि वाढूचा कसा तां पण तुमीच सांगूचा?"

"तो मागना नाय," धोंडू म्हणाला. आवाज फुटला म्हणून त्याने पुन्हा, मोठ्याने सांगितलं. "तो कोणाकडे मागना नाय. मागतंय तो मी."

बोलून झाल्यावर त्याला आपले शब्द ऐकू आले. चुलीत टोपली घालणारा बाप, जळताना तिचा येणारा वास, आणि कोपऱ्यात शेवंताला मांडीवर घेऊन बसलेली आई. आई त्या वेळी रडत होती की हसत होती हे इतक्या वर्षांत त्याला कधी नक्की ठरवता आलं नव्हतं.  तो तिथून हलला नाही.

गुरुदास त्याच्याकडे बघत राहिला. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला आणि आत गेला. आतून टीव्हीचा आवाज मोठा झाला.

नम्रता एक पायरी उतरली. थांबून तिने मागच्या दाराकडे बघितलं. मग दुसरी उतरली. शेवटच्या पायरीवर ती राहिली. खळ्यात तिने पाय ठेवला नाही. पण आता तिचं तोंड जितेंद्रच्या तोंडाएवढ्या उंचीवर होतं. डाव पात्राला टेकला. भात, डाळ, आणि कडेला फणसाची भाजी. पावसाचे थेंब तिच्या केसांवर पडत होते. तिने धोंडूकडे बघितलं नाही आणि धोंडूनेही तिच्याकडे बघायचं टाळलं.

जितेंद्रने तिच्यासाठी दोन ओळी पुटपुटल्या, आशीर्वादाच्या, आणि तो वळला.

दोघे पाणंदीत आले. जितेंद्र पुढे, धोंडू दोन पावलं मागे. काय झालं ते त्याला नीट कळत नव्हतं. जिंकल्यासारखं काही नव्हतं. काहीतरी हातातून गेल्यासारखं होतं, आणि जे गेलं ते परत मिळवावं असंही वाटत नव्हतं.

वळणावर जितेंद्र थांबला. पिंडपाताच्या, म्हणजे भिक्षेच्या, वाटेवर भिक्खू बोलत नाहीत. तो वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते, पावसानेही असतील.

"बाबा," तो म्हणाला, "उद्या तुम्ही येऊ नका. माझ्यासाठी तुम्ही..." 

धोंडूने त्याच्याकडे बघितलं. मग पात्रात बघितलं. त्यात अजून बरीच जागा होती.

"फुडला घर महादूचा," तो म्हणाला. "थंय कुत्रो आसा, चावरो. तू मागसून ये."

आणि मिटलेली छत्री काठीसारखी हातात धरून तो पुढे झाला.